जुन्या आंब्याच्या बुंध्यावर अळंबी आलीय, झाड ठेवायचं की तोडायचं?

जांबोटीकडचा
नमस्कार मंडळी. आमच्या गावात देवळामागं एक रायवळ आंबा आहे, किती वर्षांचा ते कुणालाच सांगता येत नाही, आज्जा म्हणायचा की तो पोरगा होता तेव्हाही झाड एवढंच होतं. मिरगाचा पाऊस लागल्यापासून बुंध्यावर जमिनीपासून हातभर उंचीवर एकावर एक अशा तीन-चार अळंब्या आल्यात. म्हणजे आपण खातो तसली छत्री नव्हे, अर्धगोल, लाकडाएवढी टणक, वरून मळकट तपकिरी, कडेला पांढरी किनार, खालून पांढरीशुभ्र. खालच्या अळंबीवर आणि बाजूच्या सालीवर तपकिरी पूड साचलीय, बोटाला लागते. वर एक फांदी वाळलीय तिच्यावर वेगळ्याच, नखाएवढ्या पांढऱ्या, केसाळ, पंख्याच्या आकाराच्या आल्यात, त्या तर शेकड्यानं आहेत.

आता गावात दोन तट पडलेत. कमिटीतले काही जण म्हणाय लागलेत की झाड आतनं संपलंय, तोडून विकूया आणि त्या पैशात देवळापुढं पत्र्याचं शेड घालूया. म्हातारी माणसं म्हणतात देवाचं झाड आहे, हात लावायचा नाही. मला झाड राहावं असं मनापासून वाटतं, पण शाळेची पोरं त्याच्याखालनंच जातात ओ, उद्या काय झालं तर? कुणाला यातलं कळत असेल तर नीट सांगा. ती पूड म्हणजे खोडकिड्याची भुकटी आहे काय? अळंब्या खरवडून चुना फासला तर थांबेल काय?

चंदगडी
खरवडून चुना लावा आणि मोकळे व्हा. आमच्याकडं काजूला असंच करतात. एवढं काय त्यात.

मास्तर_खानापूर
जांबोटीकरदादा, प्रश्न फार नेमका विचारलात, बरं वाटलं. मी वनस्पतीशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे, तर जरा सविस्तर लिहितो, कंटाळा करू नका.

पहिलं म्हणजे बाहेर दिसते ती अळंबी म्हणजे फक्त फळ समजा. खरी बुरशी आत आहे, लाकडात, पांढऱ्या बारीक धाग्यांच्या रूपात, आणि ती आज आलेली नाही, बऱ्याच वर्षांपासून आत असणार. त्यामुळं चंदगडीभाऊ, खरवडून बाहेरचं जाईल, आतलं तसंच राहील, आणि खरवडताना ओली साल निघाली तर नवीन जखम होऊन दुसऱ्या बुरशीला वाट मिळेल. चुना वरच्या सालीलाच लागतो, आत पोचतच नाही.

वर्णनावरनं खालची ती गॅनोडर्मा वाटते. एक करून बघा, खालची पांढरी बाजू नखानं किंवा काडीनं हलकी ओरखडा, ओरखडा लगेच तपकिरी झाला तर बहुतेक तीच. तिच्या खालच्या बाजूला भिंगातनं बघितलं तर सुईच्या टोकाएवढी गोल गोल भोकं दिसतील, त्या नळ्या आहेत, त्यातनं बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, पडतात. तुम्ही म्हणता ती तपकिरी पूड म्हणजे हेच बीजाणू. दिवसाला अब्जावधी पडतात आणि हवेच्या झोतानं उचलून परत वरच्या बाजूला येऊन बसतात, म्हणून लोकांना वाटतं वरनं कायतरी गळालंय. खोडकिड्याची भुकटी ओळखायची असेल तर दोन बोटांत चोळून बघा. किड्याचा भुसा खरखरीत लागतो, त्यात लाकडाचे तुकडे असतात, आणि वर कुठंतरी भोक आणि त्यातनं डिंक आलेला दिसतो. बीजाणूंची पूड एकदम मऊ, कण हाताला लागतच नाही.

वरच्या वाळक्या फांदीवरची पांढरी केसाळ ती शायझोफायलम. तिला घाबरायचं कारण नाही, ती बहुतेक मेलेल्या लाकडावरच येते. पण एक उलटी करून भिंगाखाली बघाच. खालच्या पट्ट्या मधोमध उभ्या चिरलेल्या दिसतील. ऊन पडलं की त्या चिरलेल्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला वळतात आणि बीज तयार होतं तो भाग झाकून घेतात, पाऊस पडला की परत उघडतात. वाळून कडक झालेली महिन्यांनी भिजवली तरी जिवंत होते. मणिपुरात हिला कांगलायेन म्हणतात आणि बाजारात विकत घेऊन खातात. (तुम्ही खाऊ नका, त्याबद्दल नंतर लिहितो.)

नर्सताई
एक विचारू का मास्तर. आमच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) परवा एक बाई बाळाला घेऊन आल्या होत्या, घराशेजारच्या झाडावर बुरशी आलीय तर ब्लॅक फंगस होईल काय म्हणून रडकुंडीला आलेल्या. मी धीर दिला, पण नेमकं उत्तर काय द्यायचं?

मास्तर_खानापूर
ताई, धीर दिलात ते बरोबरच केलंत. २०२१ मध्ये जो ब्लॅक फंगस म्हणत होते तो म्युकरमायकोसिस, तो रायझोपससारख्या बुरशींमुळं होतो, त्या मातीत, शिळ्या भाकरीवर, सडक्या फळावर असतात आणि साखर फार वाढलेल्या, स्टिरॉइड घेतलेल्या लोकांना त्यांचा धोका जास्त. झाडाच्या बुंध्यावरच्या टणक अळंब्यांचं घराणंच वेगळं आहे. गंमत म्हणजे चायनीज हॉटेलात सूपमध्ये काळं, लवलवीत, कानाच्या पाळीगत जे घालतात त्यालाही बाजारात ब्लॅक फंगसच म्हणतात, ते ऑरिक्युलॅरिया, तेही ओंडक्यावरच येतं. तिन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. फक्त वाळलेली अळंबी घरात फोडत बसू नका, दम्याच्या माणसाला ती पूड त्रास देऊ शकते.

सुपारीवाला
मास्तर म्हणतात ती गॅनोडर्मा मला चांगली माहीत आहे कारण आमच्या बागेत तिनं सुपारीची रांगच्या रांग खाल्ली. शेजारचे कन्नड शेतकरी ह्याला अणबे रोगच म्हणतात. आधी पानं पिवळी पडून खाली लोंबतात, मग बुडातनं तपकिरी डिंकासारखं गळायला लागतं, आणि अळंबी बुडाला येते ती सगळ्यात शेवटी, तोवर झाड हातचं गेलेलं असतं. माडालाही होतो, तंजावरकडं १९५२ साली पहिल्यांदा नोंदला म्हणून तंजावर विल्ट म्हणतात. शेजारच्या झाडाला मुळातनं जातो. आम्ही आजारी झाडाभोवती चर खणून तोडलं आणि बुडखा मुळासकट काढला, त्या जागी निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी घालतो, पाणी साचू देत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, बुडाला आली असेल तर हलक्यात घेऊ नका.

रानवाटा
सुपारीवाले दादा, तुमचं दुःख कळतंय, पण सुपारी-माड आणि आंबा यात फार फरक आहे. माडाला एकच कोंब, आणि जखम झाली तर ती बंद करायची सोय त्याच्या खोडात नसते. आंबा, जांभूळ, किंजळ, ऐन अशी झाडं सडलेल्या भागाभोवती आतल्या आत भिंत घालतात, सडकं लाकूड कोंडतात आणि बाहेरून नवीन लाकूड वाढवत राहतात. झाडांच्या रोगांचे अमेरिकेतले अभ्यासक अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो ओंडके उभे चिरून हे दाखवलं. झाडाचा जिवंत भाग सालीखालचा, मधला गाभा आधीच मेलेला असतो, त्यामुळं गाभा पोकळ झाला तरी झाड शंभर वर्षं फळ देत उभं राहू शकतं.

आणि ही पोकळी वाया जात नाही हो. मी भीमगडच्या बाजूला फिरतो, २०११ ला अभयारण्य झालं ते. तिकडं धनेश आहेत. धनेशाची चोच एवढी दांडगी, पण सुतार पक्ष्यासारखं त्याला जिवंत लाकूड कोरता येत नाही, तयार ढोलीच लागते. मादी आत बसते, दार लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते आणि नर महिनोनमहिने तिला उंबराची फळं आणून भरवतो. ती ढोली तयार कोण करतं? फांदी मोडते, पाणी शिरतं, बुरशी गाभा मऊ करते, मग सुतार, पोपट, मुंग्या ते मोकळं करतात. एवढी जाड ढोली व्हायला झाड म्हातारंच लागतं, दहा नवी रोपं लावून ती मिळत नाही. घुबडं, पिंगळे, उडत्या खारी, मधमाश्या सगळे त्यातच. म्हणून अळंबी दिसली की करवत काढायची ही घाई मला पटत नाही, अजिबात नाही.

सुपारीवाला
ते जंगलात ठीक आहे. इथं खालनं पोरं जातात.

टिळकवाडी_अक्का
सुपारीवाल्या भावांचं म्हणणं बरोबर आहे आणि रानवाटांचंही. आमच्या बेळगावात व्हॅक्सिन डेपोत आणि कॅम्पात कितीतरी म्हातारी झाडं आहेत, रोज सकाळी फिरायला जाते तेव्हा बघते, कित्येकांच्या अंगावर अळंब्या आहेत आणि वर पालवी हिरवीगार. पण आमच्या गल्लीत एक गुलमोहर गेल्या पावसात वारं नसताना उभाच्या उभा आडवा झाला, मुळं अशी तुटली होती की हातानं कुस्करत होती, पांढरी, दोऱ्या दोऱ्या. नशीब रात्रीची वेळ. त्याच्या बुडाला आदल्या वर्षी गटारीसाठी खणलं होतं, एका बाजूची मुळं सगळी कापली होती. मग मास्तर, कुठली अळंबी धोक्याची आणि कुठली नाही हे आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं?

मास्तर_खानापूर
अक्का, खरा मुद्दा हाच. अळंबी आहे की नाही यापेक्षा ती कुठं आहे आणि झाड पडलं तर कुणावर पडेल, हे बघायचं.

तुमच्या गुलमोहराची ती पांढरी दोऱ्या दोऱ्या मुळं म्हणजे पांढरी कूज. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन बुरशी खाते, मागं मऊ, फिकट, तंतूंचं लाकूड राहतं. दुसरी तपकिरी कूज, त्यात सेल्युलोज जातं आणि लाकडाला चौकोनी भेगा पडून हाताच्या दाबानं भुगा होतो. आपल्याकडच्या रुंद पानांच्या झाडांत पांढरीच जास्त. वर उंच वाळक्या फांदीवर आली असेल तर ती फांदी कापली की बहुतेक काम झालं. मधल्या खोडावर जुन्या जखमेच्या कडेनं आली असेल तर गाभा सडतोय, पण बाहेरचं लाकूड जाड असेल तर झाड टिकतं. बुडाला, मुळाच्या खांद्यावर, म्हणजे खोडातनं मुळं फाकतात तिथं, आली असेल तर मात्र काळजी, कारण तिथं सड खाली मुळात जाते आणि वर पानं हिरवी असतानाच झाड आडवं होऊ शकतं.

जांबोटीकरदादा, म्हणून आता हे बघा. बुंध्याभोवती जमिनीला कमानीसारखी भेग पडलीय काय, माती एका बाजूला उचललीय काय, झाड पूर्वीपेक्षा कललंय काय. लाकडी मोगरी घेऊन बुंध्याला चारी बाजूंनी हळूहळू ठोकत जा, जिथं लाकूड भरीव तिथं आवाज घट्ट येतो, पोकळ असेल तर ढब ढब येतो, खडूनं खुणा करा. पोकळ आवाज एकाच बाजूला आहे की सगळीकडून, यावरनं पुष्कळ कळतं. आणि बुडाला कुणी सिमेंट केलंय काय?

जांबोटीकडचा
मास्तर, तुम्ही बघून सांगितल्यागत विचारलंत. जुना दगडी पार होता, मध्ये माती मोकळी. काही वर्षांपूर्वी पार मोठा केला, बुंध्यापर्यंत भर घालून वर सिमेंट आणि फरशी. अळंबी बरोबर फरशी बुंध्याला टेकते त्याच्या वरच आलीय. आणि पाराच्या मागच्या कोपऱ्यात यात्रेच्या पत्रावळी जाळतात, तिकडची साल काळी पडून सुटलीय.

आज पाऊस जरा उघडला तेव्हा ओरखडून बघितलं, पांढरं होतं ते बघता बघता तपकिरी झालं, पोरं गोळा झाली, प्रत्येकाला एक रेघ मारायची होती. पूड मऊ आहे, खरखर नाही. मोगरीनं ठोकलं, जळलेल्या बाजूला छातीएवढ्या उंचीपर्यंत पोकळ येतंय, बाकी तीन बाजू घट्ट. भेग नाही, कललेलं नाही.

रानवाटा
मग हे झाड वाचण्यासारखं आहे दादा! फरशी आधी काढा. मुळाचा खांदा मातीत आणि सिमेंटात गाडला की साल सतत ओली राहते, गुदमरते, कुजते आणि बुरशीला आयतं दार. हातानं, कुदळीचा घाव मुळावर न घालता, भर काढून मूळ जमीन लागेपर्यंत मोकळं करा, पाणी बाहेर जाईल असा उतार द्या. जाळणं बंद. पोकळीत सिमेंट भरायला कुणी सांगेल, ऐकू नका, ती जुनी पद्धत आहे, वाऱ्यानं झाड हलतं आणि सिमेंट हलत नाही, मग आतलं लाकूड घासून आणखी कुजतं.

निपाणीचा_पाव्हणा
वाळकी फांदी काढताना एक सांगतो, खालनं आधी अर्धा काप द्या, मग वरनं, नाहीतर वजनानं फांदी खाली येताना बुंध्याची साल फाडत नेते आणि तीच जखम पुढं नडते. खोडाला लागून सपाट कापू नका, बुडाशी जो फुगीर गळा असतो तो राखा, तिथूनच झाड जखम बुजवतं. कापावर बोर्डो पेस्ट लावतात आमच्याकडं, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, दोन्ही वेगळं भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडी भांडं वापरायचं नाही. आतली कूज यानं बरी होत नाही, पण ताज्या जखमेला उपयोग होतो.

चंदगडी
बरं, एक विचारतो. आमच्या म्हातारीकडं फणसांबा आहे, फणसाच्या जुन्या बुंध्यावरचा, लाकडागत टणक. लहान पोराची लाळ फार गळाय लागली की सहाणेवर पाण्यात उगाळून हिरडीला लावतात. तीही बुरशीच काय मग? आणि परवा एक माणूस गावात येऊन विचारत होता, झाडावरची लाल चकचकीत अळंबी असेल तर किलोवर घेतो, रिशी म्हणून औषधाला जाते म्हणे.

मास्तर_खानापूर
फणसांबा ही फेलिनस जातीची बुरशी, घाटाच्या दोन्ही बाजूंना पिढ्यान्पिढ्या वापरात आहे. पण फणसावरची प्रत्येक टणक बुरशी फणसांबा नव्हे, म्हातारीला जी ओळख आहे ती तुम्ही तिच्याकडनं झाडाखाली उभं राहून शिकून घ्या. तान्ह्या बाळाला लावायच्या आधी डॉक्टरांना मात्र विचारा. आणि त्या खरेदीवाल्याला काही देऊ नका. रिशी म्हणजे गॅनोडर्माच, पण औषधाला जाते ती लागवड केलेली. अभयारण्यातनं तर काहीच उचलता येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे.

नर्सताई
खाण्याबद्दल नंतर लिहितो म्हणाला होता मास्तर, आता लिहाच. दर पावसाळ्यात आमच्याकडं उलट्या-जुलाब घेऊन अख्खं घर येतं.

मास्तर_खानापूर
होय ताई. वारुळावरची अळंबी आपली माणसं वर्षानुवर्षं खात आलीत, ती टर्मिटोमायसिस, वाळवी तिची वारुळात शेती करते, चोर्ल्याच्या पलीकडं गोव्यात रस्त्याकडेला पानात बांधून विकायला बसतात. लाकडावरची धिंगरी (ऑयस्टर मशरूम) ही खातात, ती आता काडावर घरोघरी पिकवता येते, तेव्हा रानातली हवीच कशाला. ओंडक्यावर धिंगरीसारखीच दिसणारी, पिवळट-नारिंगी ऑम्फॅलोटस असते, ती विषारी. अंगणात, हिरवळीवर येणारी पांढरी मोठी छत्री, जिच्या खालच्या पट्ट्या पुढं हिरवट होतात, ती क्लोरोफायलम, पोट सोलवटून काढते.

चांदीचं नाणं काळं पडलं तर विषारी, लसूण निळा झाला तर विषारी, किड्यानं खाल्लेली असेल तर चांगली, यातलं एकही खरं नाही. ज्यांनी जीव जातो त्या अमानिटा जातींत त्रास सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतो, मग मधे एखादा दिवस बरं वाटतं आणि तोवर यकृत गेलेलं असतं. त्यामुळं खाल्ल्यावर उशिरा उलटी सुरू झाली तर ते जास्त गंभीर समजायचं आणि थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं, उरलेली अळंबी पिशवीत घालून बरोबर न्यायची.

नर्सताई
हे मी कन्नडमध्ये करून भिंतीला लावते. आमच्याकडं निम्मे पेशंट कन्नड बोलणारे आहेत.

टिळकवाडी_अक्का
मास्तर, झाडाच्या सालीवर राखाडी-हिरवट पापुद्रे असतात तीही बुरशी काय? आमच्या हिंदवाडीच्या आंब्यावर भरपूर आहेत, माळी म्हणतो ब्रशनं घासून काढूया.

मास्तर_खानापूर
घासू नका अक्का. ते दगडफुलाचं भावंड, लायकेन. बुरशी आणि शैवाल मिळून राहतात, शैवाल उन्हात अन्न करतं, झाडातलं काही घेत नाहीत. आपण मसाल्यात घालतो ते दगडफूलही लायकेनच. उलट जास्त धुराच्या रस्त्याला ते टिकत नाही, तुमच्या अंगणात आहे म्हणजे हवा बरी आहे.

रानवाटा
जाता जाता, ज्यांना जमेल त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये अमावास्येच्या आसपास चोर्ला-कणकुंबीच्या बाजूला रस्त्याकडेला थांबून टॉर्च बंद करा आणि दहा-पंधरा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. कुजक्या काटक्यांवर फिकट हिरवा उजेड दिसतो, मायसीना जातीची बारीक अळंबी असते, काही ठिकाणी तर अख्खं लाकूडच आतल्या धाग्यांमुळं उजळतं. ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यातून तो उजेड होतो, काजव्यातही तत्त्व तेच, द्रव्य मात्र वेगळं. मोबाईलमध्ये नुसता फोटो येत नाही, स्टँड लावून लांब एक्स्पोजर द्यावं लागतं. काटकी उचलून घरी नेऊ नका, वाळली की विझते. आणि पावसाळ्यात तिथं फुरसं असतं, गमबूट घालूनच जा.

जांबोटीकडचा
काल रात्री देवळात बैठक झाली. मास्तरांचे आणि रानवाटांचे प्रतिसाद मी मोठ्यानं वाचून दाखवले, सुपारीवाल्यांचाही वाचला, लपवला नाही. ठरलं ते असं. फरशी आणि भर या आठवड्यात हातानं काढायची, तरुण मंडळाची पोरं तयार आहेत. वाळकी फांदी निपाणीच्या पाव्हण्यांनी सांगितल्यागत काढायची. पोकळ बाजूकडनं जाणारी पायवाट बंद करून शाळेची वाट विहिरीकडनं वळवायची, तिकडं काट्याची वई घालतोय. शेड दुसऱ्या जागेला. तोडायचं म्हणणारे अजून नाराज आहेत, ते म्हणतात मोठ्या माणसाकडनं तपासून घ्या, आणि त्यांचं ते म्हणणं मला रास्त वाटतं.

मास्तर_खानापूर
एकदम रास्त. तसंही १९७६ च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्यानं झाड तोडायला ट्री ऑफिसरची परवानगी लागू शकते, तेव्हा फॉरेस्टच्या लोकांना बोलावून पाहणी करून घ्याच. अर्ज कन्नडमध्ये द्या, लवकर पुढं सरकतो. अर्जाबरोबर अळंबीच्या खालच्या बाजूचा, बुडाचा आणि लांबून अख्ख्या झाडाचा असे तीन फोटो जोडा.

नर्सताई
अर्ज मी लिहून देते कन्नडमध्ये. गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर मेसेजमध्ये पाठवा, इथं उघड टाकू नका.

जांबोटीकडचा
पाठवलं ताई. फरशी काढल्यावर बुडाचे फोटो इथंच टाकतो. मास्तर, मुळाच्या खांद्याला कुजलेलं काही सापडलं तर खरवडायचं की तसंच ठेवायचं?

मास्तर_खानापूर
सुटून हातात येईल तेवढंच काढा, जिवंत सालीला धार लावू नका. फोटो टाका, बघतो.